लाल दिवा, संकेश्वर

भूजल खात्याच्या लिलावात घेतलेली ही गाडी.
आत दोन बाकं, एक मोरी, नकाशांचं कपाट;
कपाटात आता पीठ, तूरडाळ, शालनच्या गोळ्या.
आरसी बुकात साल अठ्ठ्याहत्तर.
चढावर विचाराल तर त्याच्याही आधीचं सांगते.

हत्तरगीचा टोलनाका सोडला आणि दिवा लागला.
हरभऱ्याएवढा. लाल.
हवेचा काटा मात्र सहावर ठाम.
शालन म्हणाली, काट्याचं खरं, दिवा म्हातारा झालाय.
मी म्हणाले, काटा काय काल जन्मला?
आम्हा नणंद-भावजयीचं चाळीस वर्षं
एवढ्याच एका गोष्टीवरून वाजत आलंय.

पुढं तवंदीचा उतार.
तेवढ्यापुरतं दोघींचं एकमत झालं.

मिरच्यांच्या वखारीला लागून बसलिंग मिस्त्रीचं गॅरेज.
इंजिनं ऐकून ऐकून मिस्त्रीचे कान संपलेले.
त्याच्या हाताखालचा सातेरी हातवारे करून सांगतो,
आणि उत्तर आमच्याकडं आणतो:
‘दिवा कवापासून लागूलाय, विचारूलाईत.’

मिस्त्रीनं स्विचची तार उपसली. दिवा गेला.
परत जोडली. आला.
म्हणजे तार शहाणी आहे.
मग स्वतःचं मीटर टाकीला लावलं, पिशवीतनं काढून,
फडक्यात गुंडाळलेलं, जसं कुणी चष्मा ठेवतं.
त्याचं मीटर: चार.
आमचं: सहा.
शालन खिडकीतनं मिरच्या बघायला लागली.

‘गाळी सोराकत्तैती,’ मिस्त्री म्हणाला.
मला वाटलं गाळ. सातेरी हसला:
‘गाळी म्हणजे हवा हो मावशी. हवा गळूलीया.’
खरं टाकीचा कॉक सोडला तर गाळच आला,
दुधाळ, कॉफीच्या रंगाचा, तेल आणि पाणी,
कोण जाणे किती पावसाळ्यांचं.
गाडी जन्मभर जमिनीतलं पाणी शोधत हिंडली
आणि स्वतःच्या पोटातलं कुणी मोजलं नव्हतं.

सांध्यासांध्याला साबणाचा फेस लावला.
एक बुडबुडा नाही.
‘ब्रेक दाबून धरा.’
शालननं दोन्ही पाय दिले, दात आवळून.
सातेरीनं पलीकडचा ग्राइंडर बंद करायला लावला,
वखारीतल्या बायकांना गप्प बसवलं,
रस्त्यावर उसाची ट्रॉली होती, ती जाईतो थांबला.
एवढी शांतता, की वाळत्या मिरचीचा खुळखुळ कळावा.
‘ऐकू आलं?’ सातेरी.
मी आलं म्हणाले.
आलं नव्हतं.

मिस्त्रीनं गाल ओला केला
आणि गाडीखाली सरकला,
चाकामागून चाकाजवळ गाल नेत,
तापल्या पोराच्या उशाशी जावं तसा.
मागच्या डाव्या चाकापाशी थांबला.
डोळे मिटले.
‘इल्ली.’
इथं.

रबराचा पडदा. नखाएवढी चीर.
पाय पडेल तेव्हाच उघडणारी,
एरवी साबणालाही न सापडणारी.

निपाणीहून पाचच्या बसनं पुडकं येणार होतं.
कंडक्टर विसरला. सातच्या बसनं आलं.
रात्र गॅरेजातच काढली, मिरचीच्या खकाण्यात,
शिंकत, भाकरी आणि ठेचा खात.
‘दिव्याचं खरं होतं,’ शालन अंधारात म्हणाली.
मी झोपेचं सोंग घेतलं. असलं वाक्य
दुसऱ्यांदा ऐकायला मिळतं का बघत होते.
मिळालं नाही.

सकाळी सेल मारला. दिवा लागला.
मिस्त्री बोट वर करून उभा: थांबा.
कंप्रेसर धडधडतोय, टाकी भरतेय.
दोन, तीन, चार.
नव्या मीटरमध्ये काटा जरा लाजत चढला.
मग दिवा गेला, न सांगता,
आणि आम्ही दोघी काही वेळ
त्या काळ्या भोकाकडंच बघत राहिलो.

पैसे घेताना मिस्त्रीनं एकच सांगितलं,
सातेरीला मध्ये न घेता, मोडक्या मराठीत:
रोज रात्री पाणी सोडा.
थोडंच येतंय म्हणून
राहू देऊ नका.